सशाची पाठ आणि फवारणाऱ्याची पाठ

गेल्या श्रावणात आमच्या शेतात फवारणीला येणारे काका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि शर्ट वर करून त्यांनी पाठ दाखवली. कमरेच्या वर, पंप टेकतो नेमका त्या जागी, तळहाताएवढा लाल पट्टा उमटला होता. कडेनं बारीक पुरळ. पंपाच्या झाकणाचं वायसर गेलं होतं. वाकलं की थोडं थोडं औषध गळायचं, शर्ट भिजायचा आणि तो भिजका शर्ट दिवसभर अंगाला चिकटून राहायचा. पण काकांची तक्रार पाठीची नव्हतीच. "पाठीचं काई नाई सर, तोंडाची आग थांबंना. गरम पाण्यानं धुतलं तर लईच भडकली." मी बॅटरी लावून त्यांचा चेहरा जवळून पाहिला. ना लाली, ना सूज, ना फोड. काहीच दिसत नव्हतं.

औषधाची बाटली मीच तालुक्याहून आणली होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तरी ती बाटली मी वाचली नव्हती, हे इथे सांगितलंच पाहिजे. त्या रात्री वाचली. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक, खाली पिवळा त्रिकोण, आणि सोबत आठ घड्या घातलेलं माहितीपत्रक, मुंगीएवढ्या अक्षरातलं. त्यात 'त्वचा, डोळे व तोंड यांच्याशी संपर्क टाळा' असं वाक्य होतं. घरातल्या कोपऱ्यात पडलेल्या आणखी तीन बाटल्यांची पत्रकं काढून पाहिली. तिन्हींवर जवळपास तेच वाक्य. सगळ्याच बाटल्यांवर सारखंच लिहायचं असेल, तर यातलं कोणतं औषध कातडीला जास्त झोंबतं आणि कोणतं कमी, हे घेणाऱ्याला कळणार कसं?

गोष्ट अशी आहे की हा प्रश्न आधीच विचारलेला असतो. आपल्याकडे कीटकनाशकाची नोंदणी करताना कंपनीला त्वचेच्या दाहाची माहिती द्यावी लागते आणि ती परंपरेनं सशावरच्या चाचणीतून येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये या चाचणीची गुण देण्याची पद्धत मांडली. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८१ मध्ये तिला ४०४ क्रमांकाची मार्गदर्शिका म्हणून रूप दिलं. पांढरा ससा घेतात. आदल्या दिवशी त्याच्या पाठीवरचे केस मशीननं कापतात. सुमारे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर ०.५ मिलिलिटर द्रव किंवा ०.५ ग्रॅम पूड ठेवतात, त्यावर गॉजची पट्टी बांधतात आणि ४ तास तशीच राहू देतात. मग पट्टी काढून उरलेलं रसायन पुसून घेतात. पुढे १, २४, ४८ आणि ७२ तासांनी जागा बघायची, लालीला ० ते ४ गुण, सुजेला ० ते ४ गुण. डाग जात नसेल तर १४ दिवसांपर्यंत बघत राहायचं.

सशाच्याही पाठीवरच. हे वाचताना मला काकांचा शर्ट आठवत होता.

त्या मुक्या जनावराला असा त्रास देण्याचं समर्थन एकच असू शकतं, की त्यामुळे एखाद्या माणसाचा त्रास वाचतो. पण सशाच्या पाठीवर मिळालेलं उत्तर नोंदणीच्या फाइलीत जातं आणि तिथेच राहतं. ज्याच्या पाठीसाठी ते मिळवलं, त्याच्यापर्यंत ते येत नाही. मग ससा कशासाठी सोसतो? माझं म्हणणं या एका जागेपाशी आहे. चाचणी कशावर करायची हा वाद महत्त्वाचा आहेच, आणि त्यात मी सशाच्या बाजूचा आहे. पण चाचणीचा निकाल कुणाच्या हातात पडायचा, हा त्याच्याइतकाच मोठा प्रश्न आहे, आणि मराठवाड्यात तो कुणी विचारताना दिसत नाही.

त्रिकोणाचं बघा. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. हा रंग ठरतो प्रयोगातले निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात यावरून. तोंडावाटे शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅमला मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा, त्याच्यापुढे हिरवा. कातडीवाटे मरण्याच्या मात्रेचाही असाच तक्ता आहे. म्हणजे रंग मरणाचा अंदाज सांगतो. कातडी लाल होईल का, सोलवटेल का, रात्रभर झोप लागणार नाही इतकी आग होईल का, याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. हिरव्या त्रिकोणाचं औषधही कातडीला चांगलंच लागू शकतं. आपल्याकडे मात्र दुकानात सर्रास ऐकू येतं, "हिरवं आहे, काही होत नाही." दुकानदार खोटं बोलत नाही. त्याला त्या रंगाचा अर्थ 'कमी धोका' एवढाच कुणीतरी शिकवलेला आहे.

लोक खुणा शिकतात, हेही यातून दिसतं. अक्षरओळख नसलेला माणूससुद्धा 'लालवालं जपून' म्हणतो. मग कातडीसाठी वेगळी खूण का नसावी? संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात ती आहे. त्वचेचा दाह करणाऱ्या रसायनासाठी उद्गारचिन्हाचं चित्र, आणि कातडी कायमची जाळणाऱ्या रसायनासाठी हातावर द्रव पडतोय असं चित्र. दोन्ही चित्रं न वाचता समजतात.

आता चाचणीकडे येतो, कारण निकाल बाटलीवर छापायचा तर तो छापण्याच्या लायकीचाही असला पाहिजे. काकांच्या चेहऱ्याला काय झालं होतं? पायरेथ्रॉइड कीटकाला मारतं ते त्याच्या मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवून. हेच रसायन माणसाच्या चेहऱ्यावर पडलं की कातडीतल्या बारीक मज्जातंतूंनाही ते तसंच छेडतं. काही तासांनी मुंग्या येतात, चुरचुरतं, आग होते. घाम, ऊन आणि गरम पाणी यांनी ती वाढते आणि बहुतेक वेळा एका दिवसात ओसरते. कातडीवर मात्र काही दिसत नाही. सशाच्या चाचणीत गुण कशाला आहेत? लालीला आणि सुजेला. आग होतेय हे ससा सांगणार कसा? ज्या त्रासाची तक्रार घेऊन काका माझ्या ओट्यावर आले, तो त्रास या चाचणीच्या तक्त्यात बसतच नाही.

आणि सशाचा निकाल तरी पक्का असतो का? वील आणि स्काला या दोघांनी १९७१ मध्ये तीच रसायनं अमेरिकेतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांना देऊन सशाच्या डोळ्यावर आणि कातडीवर चाचण्या करवल्या. एका प्रयोगशाळेला जे रसायन सौम्य वाटलं तेच दुसरीला तीव्र वाटलं. शेवटी लाली १ गुणाची की २ गुणांची, हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. शिवाय सशाची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पुष्कळ रसायनांना जास्त चिडते, म्हणजे आकडा आला तरी तो आपला असेलच असं नाही.

दुसरा रस्ता आता तयार आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या कातडीतून, दात्याच्या संमतीनं, पेशी घेतात आणि बारीक जाळीचा तळ असलेल्या छोट्या वाटीत वाढवतात. खालून पोषक द्रव, वरून मोकळी हवा. हवा लागली की या पेशी थरावर थर रचत जातात आणि सगळ्यात वर, आपल्या अंगावर असतो तसा, मेलेल्या पेशींचा कोरडा थर धरतात. रसायन वरून घालायचं, ठरलेल्या वेळानं धुऊन टाकायचं आणि ४२ तास थांबायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. जिवंतपणा ५० टक्के किंवा त्याच्या खाली आला तर रसायन दाहक. ओईसीडीनं ही पद्धत २०१० मध्ये ४३९ क्रमांकानं स्वीकारली. दर खेपेला सोबत सोडियम डोडेसिल सल्फेटचं ५ टक्क्यांचं द्रावण ठेवतात. शाम्पूत आणि टूथपेस्टमध्ये फेसासाठी घालतात तेच हे द्रव्य. त्यानं पेशी मेल्या नाहीत तर त्या दिवसाची सगळी चाचणी बाद. मला ही शिस्त फार आवडते. इथे रंगाची तीव्रता यंत्र मोजतं, कुणाच्या नजरेवर काही अवलंबून राहत नाही.

हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला ठेवण्याचं कारण नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतानं मे २०१४ मध्ये बंद केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तशी चाचणी झालेल्या प्रसाधनांची आयातही थांबवली. लिपस्टिकसाठी सशाची गरज नाही, हे आपल्या कायद्यानं मान्य केलेलं आहे. शेतीच्या औषधांबाबत तेवढीच निकड कुठे दिसत नाही, कारण प्रसाधनं वापरणाऱ्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोचतो. पंप पाठीवर घेणाऱ्याचा पोचत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवू नये. ही पद्धत सुरुवातीला मुख्यतः शुद्ध रसायनांवर पारखली गेली. शेतीचं तयार औषध म्हणजे मूळ विष, त्याला विरघळवणारं तेलकट द्रावक आणि पाण्यात मिसळवणारं द्रव्य यांचं मिश्रण असतं. अशा मिश्रणांवर पेशींचा निकाल आणि सशाचा निकाल कधी कधी जुळत नाही. कंपन्या हेच पुढे करून ससा सोडायला नको म्हणतात. पण ज्या मापाशी जुळवून बघायचं ते मापच डळमळीत असेल, तर न जुळण्याचा दोष एकट्या पेशींच्या माथी का? ओईसीडीनंच २०१४ मध्ये सांगितलेला मार्ग असा की एकाच चाचणीवर विसंबू नये. आधी जुनी माहिती बघावी, मग द्रावणाची आम्लता, म्हणजे सामू (पीएच). पीएच २ किंवा त्याहून कमी अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते कातडी जाळणारंच, असं धरून चालावं. मग पेशींची चाचणी, आणि प्राणी अगदीच शेवटी, दुसरा इलाज नसेल तरच.

तरीही नुसता ससा सोडून पेशी घेतल्या म्हणून काकांची पाठ वाचणार नाही. वाटीतल्या कातडीला मज्जातंतू नसतात, त्यामुळे चेहऱ्याची आग तिथेही दिसणार नाही. सशाची खोली २० अंशांच्या आसपास ठेवतात. आमच्याकडे पावसानं ओढ दिली की श्रावणातही उकाड्यानं जीव जातो, घामानं शर्ट आधीच ओला असतो आणि कातडी मऊ पडलेली असते. पट्टी ४ तासांची, शर्ट सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंतचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच, न धुतलेला. प्रयोगशाळेत एक औषध तपासतात. आमच्या टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वरून स्टिकर, असं सगळं एकत्र पडतं. स्टिकर म्हणजे औषध पानावर पसरून धरून ठेवणारं द्रव्य. पानावरचा मेणाचा थर ओलांडायला ते मदत करतं. कातडीवरच्या तेलकट थराला ते सोडेल असं समजायचं काही कारण नाही.

लोक म्हणतात, आग होते तर होते, मरत तर नाही ना कुणी? काकाही म्हणाले होते, "पहिल्या दिवशी होतं, मग सवय लागते." या एका समजुतीनं फार नुकसान केलं आहे. कातडी हा विषाला अडवणारा बांध आहे. दाह झाला, चिरा पडल्या की बांध फुटतो आणि औषध आत जायला वाट मिळते. अमेरिकेत मेबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन हे कीटकनाशक अगदी थोडं लावून ते किती शोषलं जातं ते मोजलं. कोपरापुढच्या हातावर लावलेल्यातलं साधारण ९ टक्के आत गेलं. वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच्या सगळं. गळका पंप पाठीवर असला की औषध कुठे उतरतं? कमरेवरून खाली, जांघेत. पाठीचा लाल पट्टा म्हणूनच मला किरकोळ वाटत नाही. शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली, तेव्हा आपण सगळे खडबडून जागे झालो. कातडीवरच्या पुरळाची दखल मात्र आपण तेव्हाही घेतली नाही.

आपल्या लोकांना कातडीची भाषा येत नाही असं थोडंच आहे. बिबा घ्या. बिब्याचं तेल अंगाला लागलं की उततं. कुणाला लगेच, कुणाला दोन दिवसांनी, कुणाला एवढंसं तर कुणाचं सगळं तोंड सुजतं. माझी आजी बिबा फोडायला बसली की आम्हा पोरांना अंगणाबाहेर काढायची आणि हाताला आधी तेल चोळून घ्यायची. 'बिबा उतला' या दोन शब्दांत कारण, लक्षण आणि इशारा तिन्ही आहेत. गाजर गवताचंही तसंच. ते उपटणाऱ्या बायका हाताला फडकं गुंडाळतात. त्यांना कुठल्या पत्रकानं ते शिकवलेलं नाही. पण बाटलीतल्या विषाला आपण 'औषध' म्हणतो, आणि औषधानं कातडी जाते हे सांगायला आपल्याकडे शब्दच नाही.

फवारणारे हातमोजे घालत नाहीत, मास्क लावत नाहीत, मग दोष कुणाचा, असं कृषी मेळाव्यांत दरवर्षी ऐकतो. १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. ते कपडे औषध आत झिरपू देणार नाहीत असे हवेत. आमच्या उकाड्यात तसा बंद कोट घालून अर्धा एकर तरी मारून दाखवा. शिवाय फवारणारा बहुतेक वेळा मालक नसतो. बाटली मालक आणतो, द्रावण मालक कालवतो, मजुराच्या पाठीवर भरलेला पंप चढतो. त्यानं वाचायचं काय आणि कधी? म्हणून बाटलीवरची खूण ही मालकाला बांधणारी गोष्ट ठरेल. त्याला माहीत होतं, हे उद्या म्हणता येईल. मलाही ते लागू आहे.

अशी खूण आली तर बाजारही हलेल असं मला वाटतं. एकच मूळ औषध वेगवेगळ्या रूपांत मिळतं. तेलकट द्रावकातलं एक, पाण्यात कालवलेलं दुसरं, बारीक कुप्यांत बंद केलेलं तिसरं. लॅम्डा सायहॅलोथ्रिनचं कुप्यांमधलं रूप तर कातडीची ही चुरचुर कमी व्हावी यासाठीही पुढे आणलं गेलं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या आणि एकीवर कातडीची खूण असली, दुसरीवर नसली, तर कोणती घ्यायची हे शेतकरी ठरवेल. आज त्याच्यापुढे भाव आणि त्रिकोण एवढंच असतं. कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं. अशा कायद्यात मराठवाड्याच्या खासदारांनी काही मागायचं असेल तर हे मागावं: तयार औषधाच्या त्वचा-चाचणीचा निकाल बाटलीच्या दर्शनी बाजूला, मराठीत, ठळक, आणि चाचणी शक्य तिथे सशाशिवाय.

चेहऱ्याच्या आगीचं उत्तर मात्र प्रयोगशाळेत नाही, ते माणसांना विचारूनच मिळेल. खरिपाच्या हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रात कातडीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला 'काय मारलं होतं?' एवढा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवलं, तरी दोन-तीन हंगामांत कोणत्या औषधानं आणि कोणत्या मिश्रणानं लोक हैराण होतात ते कळेल. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, मधे गंगाखेड-परळीचा रस्ता आहे. एकाला औषध कळतं, दुसऱ्याला कातडी. दोघांनी एका वहीवर काम करायला कुठल्या नव्या इमारतीची गरज नाही.

काकांचा पट्टा आठवड्यात गेला. पंपाला मी नवं वायसर बसवून घेतलं. बाटलीवर डॉक्टरी पांढरी चिकटपट्टी लावून मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'अंगाला लागलं तर आग होते. शर्ट भिजला तर लगेच काढा. गार पाणी, साबण.' काकांनी ते जोडून जोडून वाचलं. दुसऱ्या फवारणीला आले तेव्हा खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक त्यांनी उभं फाडून आणलं होतं. ते पाठीवर धरून सुतळीनं कमरेला आणि खांद्याला बांधलं, वरून पंप चढवला, आणि जाता जाता मला म्हणाले, "शेजारच्या पोरालाबी एक पट्टी लिहून द्या सर. त्याच्या बाटलीचं औषध वेगळं हाये."

त्याची बाटली मी मागवली. हिरवा त्रिकोण होता. पत्रकात तेच वाक्य. पट्टीवर काय लिहावं, हे मला त्यावरून कळेना.